ओढ टर्मिनलवर येऊ नये

जगात जे जे म्हणून टिकून राहिलं आहे, मग ती साम्राज्यं असोत, पूल असोत की संसार, ते सगळं अखेर नीट आवळलेल्या स्क्रूवर उभं आहे. हे थोर वाक्य अर्थिंगरावांचं. ते उच्चारताना त्यांच्या चष्म्याच्या उजव्या काडीचा स्क्रू गळून पडलेला होता आणि काडी काळ्या इन्सुलेशन टेपनं बांधलेली होती.

अर्थिंगराव हे नाव काही आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. आईवडील इतके दूरदर्शी नव्हते. जन्मभर त्यांनी कारखान्यांतून मोठमोठे प्लग आणि सॉकेट बसवले. मनगटाएवढे जाड, तीन फेजचे, ज्यांच्यापुढे घरातला इस्त्रीचा प्लग खेळण्यातला वाटावा असे. कुणाच्याही घरी गेले, की टेकायच्या आधी भिंतीकडे बघून विचारायचे, "अर्थिंग केलंय ना?" घरात नवी सून आलेली असो की नवा फ्रीज, प्रश्न एकच. मग लोकांनी नाव ठेवलं आणि तेच चिकटलं.

ते निवृत्त झाले याचा अर्थ इतकाच, की त्यांनी कारखान्यात जायचं बंद केलं. लोकांनी "जाता जाता तेवढं बघता का?" म्हणायचं बंद केलं नाही. एकदा ते एका जुन्या सोबत्याला दवाखान्यात भेटायला गेले. सोबती बेशुद्धीच्या काठावर होता. त्यानं डोळे किलकिले केले, यांना ओळखलं, थरथरता हात वर केला. यांनी तो हातात घेतला. सोबती क्षीण आवाजात म्हणाला, "वरची ट्यूब... गुणगुणते. जाता जाता तेवढी..." यांनी चोक बदलला. सोबती बरा झाला. दोन्हींचा संबंध आहे असं अर्थिंगरावांचं ठाम मत होतं.

तर या अर्थिंगरावांची बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली होती.

जाऊन किती काळ झाला, हे सांगायची सोपी रीत अशी: ज्या बाळासाठी ती गेली, ते बाळ आता पाठीला दप्तर लावून शाळेत जात होतं आणि फोनवर आजोबांची व्याकरणाची चूक काढत होतं. बाळंतपण मात्र चालूच होतं. आधी बाळ लहान होतं. मग बाळाला दात येत होते. मग लेक-जावयानं बेकरी काढली. मग बेकरीला दात येत होते. आजी नसेल तर नातीला कोण बघणार आणि काउंटरला कोण बसणार, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही, कारण आजी होतीच.

रोज संध्याकाळी फोन व्हायचा. तो असा:

"जेवलात का?"

"जेवलो. तुमच्याकडे व्होल्टेज कसं आहे?"

"बरं आहे."

"पंखा मंद फिरत नाही ना?"

"नाही."

"मग ठीक."

"ठेवू?"

"ठेव."

प्रेमाच्या संवादांचं कुणी प्रदर्शन भरवलं तर त्यात हा लागणार नाही. पण फोन ठेवल्यावर अर्थिंगराव तो कानाजवळून खाली घ्यायला विसरत, आणि बंद फोनमध्ये बराच वेळ काहीतरी ऐकत असल्यासारखे बसून राहत. पलीकडून ती 'या' म्हणेल किंवा 'येते' म्हणेल म्हणून हे थांबत. इकडून हे 'ये' म्हणतील म्हणून ती थांबत असेल, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. सर्किट तपासताना माणसाला आपल्या बाजूचं टोक आधी तपासायचं सुचत नाही.

घर लहानच होतं, पण ती गेल्यापासून वाढलं होतं. दांडीवर तिच्या बाजूला चिमटे नुसतेच लटकायचे. तिच्या उशीचा खोलगटपणा कधीच भरून आला होता. आणि जन्मभर ज्या माणसानं 'खोलीत कुणी नसताना दिवा चालू' या गुन्ह्याबद्दल अख्ख्या कुटुंबाला भाषणं दिली, तो माणूस आता संध्याकाळी फिरायला निघताना स्वयंपाकघरातला दिवा मुद्दाम लावून जायचा.

खालच्या मजल्यावर एका शिंप्याचं दुकान होतं. त्याच्या नजरेतून काही सुटत नसे. मापं घेण्याची सवय.

"अर्थिंगराव, स्वयंपाकघरात दिवा राहिलाय तुमचा."

"राहिलेला नाही. ठेवलाय."

"कोण आहे घरात?"

"दिवा आहे."

शिंप्यानं सुई तोंडातून काढली. "वहिनींना बोलावून घ्या की."

"तिला कळत नाही का?"

"तुम्ही सांगितलंत?"

"काय सांगायचं? इथे व्होल्टेज उत्तम आहे."

शिंप्यानं सुई परत तोंडात धरली. काही माणसांशी बोलताना तोंडात सुई असलेली बरी.

एके सकाळी, फोनची वेळ नसताना, लेकीचा फोन आला.

"बाबा, मैदा मळायचं मशीन उलटं फिरतंय."

"उलटं म्हणजे?"

"म्हणजे पीठ आत जायच्या ऐवजी बाहेर येतंय. आणि प्लग इतका तापतोय की त्याच्यावर पाव भाजता येईल."

"प्लग कुणी जोडला?"

"ह्यांनी."

"कशावर विसंबून?"

"स्वतःवर."

"मशीन बंद ठेवा. बोर्डावरून बंद. प्लगला कुणी हात लावायचा नाही. मी येतोय."

'मी येतोय' हे शब्द तोंडातून गेले आणि अर्थिंगरावांच्या छातीत, जिथे एरवी फक्त टेस्टर लटकत असे, तिथे काहीतरी हललं. इतक्या वर्षांत जायला निमित्त मिळालं नव्हतं. मुलीच्या घरी उगीच कसं जायचं? माणूस काहीतरी बिघडल्याशिवाय कुठे जातो का? आता बिघडलं होतं. आणि चांगलं बिघडलं होतं.

त्यांनी हत्यारांची पिशवी भरली. नवा प्लग घेतला, पाच पिनांचा. कपाटाच्या तळातून लांब दांड्याची जुनी बॅटरी काढली, सेल घातले आणि भिंतीवर उजेड पाडून बघितला.

या बॅटरीबद्दल थोडं सांगायला हवं. लग्नानंतरच्या दिवसांत अर्थिंगराव सुट्टीच्या दिवशी छोट्या कारखान्यांची कामं घेत, आणि मेन बंद केला की अंधार होई. तेव्हा ही बॅटरी धरायला ती जायची. बॅटरी धरणं ही फार दुर्मीळ कला आहे. बहुतेक माणसं स्वतःला जे बघायचं असतं तिकडे उजेड पाडतात. ती यांना जे बघायचं असे तिकडे पाडायची. हात पोचायच्या आधी उजेड पोचलेला असे. 'जरा डावीकडे' असंसुद्धा कधी म्हणावं लागलं नाही. त्या दोघांनी एकमेकांशी केलेलं सगळ्यात सविस्तर बोलणं ते असावं.

निघताना शिंपी म्हणाला, "वहिनींना घेऊनच या. प्लगचं काय, कुणीही जोडेल."

"कुणीही जोडलाय म्हणून तर चाललोय," अर्थिंगराव म्हणाले. पण स्वयंपाकघरातला दिवा त्यांनी आज बंद केला होता, हे शिंप्यानं बघितलं.

गाडीत त्यांनी वाक्याची तालीम केली. वाक्य मोठं नव्हतं: 'घरी चल.' आधी मनात म्हणून बघितलं, मग ओठांत. मग जरा आवाज टाकून.

शेजारचा प्रवासी दचकला. "मला म्हणालात?"

"नाही."

"नाही, आमचं घर अजून पुढे आहे."

"चांगलं आहे," अर्थिंगराव म्हणाले आणि उरलेला प्रवास खिडकीबाहेर बघत केला.

बेकरीत ती काउंटरमागे पाव रचत होती. केस अधिक पांढरे झाले होते, की तो मैदा होता, ते लांबून कळेना. जवळ गेल्यावर कळलं की दोन्ही. चष्म्याची चौकट नवी होती.

"चष्मा बदललास?"

"मागच्या थंडीत."

"सांगितलं नाहीस."

"तुम्ही व्होल्टेजचं विचारता." तिनं मान तिरकी करून बघितलं. "काडीला काय झालं?"

"स्क्रू पडला."

"आणि तुम्ही टेप लावलीत."

"टेप चांगल्या प्रतीची आहे."

तिनं हातातला पाव उगीचच उचलून पुन्हा त्याच जागी ठेवला. "पाणी देऊ?"

"आधी काम बघतो," अर्थिंगराव म्हणाले. हे तेच अर्थिंगराव, ज्यांनी गाडीभर तालीम केली होती.

मागच्या खोलीला खिडकी नव्हती. तिथे ते मैदा मळायचं मशीन, शेजारी पिठाच्या गोण्या आणि भिंतीवर नवं कोरं सॉकेट. सॉकेट पाहून अर्थिंगरावांना बरं वाटलं. दुकान बांधणाऱ्या माणसानं ते जमिनीपासून चांगलं उंच बसवलं होतं, फरशी धुताना पाणी उडू नये म्हणून. तोंड खाली झुकतं. वर स्प्रिंगचं झाकण, म्हणजे मैदा आत जाणार नाही. बाजूला असा स्विच, की तो बंद केल्याशिवाय प्लग बाहेर निघतच नाही.

"हे ज्यानं बसवलं त्याला माझा नमस्कार सांगा," ते जावयाला म्हणाले. "आता तुमचं दाखवा."

जावई गोल, हसरा आणि कोपरापर्यंत मैद्यात माखलेला होता. त्याचा पाव उत्तम होता आणि त्याचं मनही पावासारखंच होतं. त्यानं प्लग पुढे केला, शाळेत प्रगतिपुस्तक दाखवावं तसा.

"बाबा, मी रंग बघूनच जोडलं होतं."

"मग?"

"केबलीत रंग पाच आणि मला आठवत होते तीन."

अर्थिंगरावांनी चष्मा सावरला. आधी बोर्डावरचा स्विच पाडला, त्याच्या कडीत आपलं कुलूप अडकवलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली.

"कुलूप कशाला, बाबा?" लेक म्हणाली. "आम्ही सगळे इथेच आहोत. कोण चालू करणार आहे?"

"कुणी करत नाही. ते होतं. म्हणून ज्याचा हात वायरीत, किल्ली त्याच्या खिशात."

मग त्यांनी टेस्टर आधी दुकानातल्या चालू लाईनवर लावून बघितला, पेटला. मग या बंद लाईनवर लावला, पेटला नाही. मग पुन्हा चालू लाईनवर लावला.

"दोनदा का?" जावई.

"मधल्या वेळात टेस्टरच मेला असेल तर? जो 'सगळं ठीक आहे' म्हणतो, त्याची परीक्षा आधी आणि नंतरही घ्यावी."

"आणि जो रोज फोनवर 'जेवलो' म्हणतो त्याची?" दारातून बायकोचा आवाज आला.

अर्थिंगरावांनी हे ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण प्लग उघडला.

आतलं दृश्य करुण होतं. केबलीवरचं जाड कातडं जावयानं वीतभर सोलून काढलं होतं, त्यामुळे आतल्या पाच बारीक वायरी प्लगच्या मागून उघड्याच लोंबत होत्या. मागच्या टोकाला जे आवळायचं बूच असतं, ज्याला ग्लँड म्हणतात, ते नुसतं शोभेला होतं. एका टर्मिनलचा, म्हणजे वायर धरून ठेवणाऱ्या जागेचा, स्क्रू ढिला होऊन पिन काळी पडली होती. दोन फेजच्या वायरींची अदलाबदल झाली होती, म्हणून मशीन उलटं फिरत होतं. आणि हिरवी अर्थिंगची वायर सगळ्यात तोकडी, ताणून बसवलेली, आता सुटेल की मग अशी.

"प्लग काढताना काय धरून ओढता?"

"केबल," जावई प्रामाणिकपणे म्हणाला. "हाताला तीच येते."

"जावईबापू, केबल काय आणि माणूस काय, ओढ लागायचीच. पण ती टर्मिनलवर येता कामा नये. बाहेरचं जाड कातडं असतं ते ओढ सोसायलाच. ते प्लगच्या आतपर्यंत न्यायचं आणि ग्लँडनं घट्ट धरायचं. मग बाहेरून कुणी कितीही हिसके देवो, आतल्या तारांना पत्तासुद्धा लागत नाही."

"म्हणजे आतल्याला काही कळूच द्यायचं नाही," लेक म्हणाली.

"अजिबात नाही."

"त्यात तुमचा हात कोण धरणार," दारातून पुन्हा आवाज आला.

खोलीतला दिवा याच लाईनवर होता, त्यामुळे दारातून येणारा उजेड सोडला तर अंधार होता. जावयानं हौसेनं बॅटरी धरली. उजेड आधी अर्थिंगरावांच्या डोळ्यांत पडला, मग छतावर, आणि मग परातीतल्या फुगत चाललेल्या पिठावर जाऊन तिथेच स्थिरावला, कारण जावयाचा जीव तिथे होता.

"बापू, मला टर्मिनल दाखवा. छत मी पाहिलंय."

"हो, हो, बाबा."

उजेड बुटांवर आला. एवढ्यात बाहेर कुणीतरी गिऱ्हाईक आलं, त्याच्याशी बोलायला लेक गेली, आणि मोड नव्हती म्हणून मागोमाग जावई गेला. बॅटरी कुणाच्या हातात गेली ते अर्थिंगरावांनी मान वर करून पाहिलं नाही. त्यांनी पक्कड उचलायला हात पुढे केला आणि त्यांना दिसलं, की उजेड पकडीवर आधीच येऊन बसला आहे.

त्यांनी पक्कड उचलली.

जुना प्लग बाजूला टाकून पिशवीतला नवा उघडला आणि केबलचं करपलेलं टोक तोडलं, लखलखीत तांबं लागेपर्यंत. कातडं मोजकंच सोललं. प्रत्येक वायरीचे बारीक धागे पिळून एकत्र केले, एकही धागा बाहेर राहू न देता, आणि त्यांच्यावर तांब्याची बारीक टोपी चढवून दाबली. उजेड हाताबरोबर, हाताच्या किंचित पुढे चालत होता. तिच्या अंगाला पावाचा वास होता. पूर्वी साबणाचा असायचा. तिचा श्वास डाव्या खांद्यामागे ऐकू येत होता, जिथे तो नेहमी असायचा, आणि अर्थिंगरावांना वाटलं, की ही केबल अशीच लांब असावी, इथून घरापर्यंत, आणि ती सगळी सोलायची असावी.

"ही हिरवी नेहमी लांब का ठेवता हो?" ती म्हणाली. "मी कधी विचारलंच नाही."

"कधी काळी सगळं उपटून निघालं, तरी ही शेवटी निघावी म्हणून. बाकीच्या सुटल्या तर मशीन बंद पडतं, एवढंच. ही आधी सुटली तर मशीन चालू राहतं आणि माणूस जातो."

"एरवी हिच्यातून करंट जातो?"

"एरवी हिला कामच नसतं. नुसती असते."

"नुसती असते," ती म्हणाली.

अर्थिंगरावांनी ठरवलं की हा स्क्रू आवळला की म्हणायचं. घरी चल. स्क्रू आवळला. वायर हलकेच ओढून बघितली; पक्की. मग ठरवलं, पुढचा आवळला की. तोही आवळला. लाल झाली, पिवळी झाली, निळी झाली, काळी झाली. प्रत्येक वायर तिच्या जागी गेली, आणि वाक्य होतं तिथेच राहिलं. शेवटी हिरवीचा स्क्रूही फिरायचा थांबला. इतकी सुबक जोडणी त्यांच्या हातून कित्येक वर्षांत झाली नव्हती. आता मागचं कव्हर चढवायचं, ग्लँड आवळायचं, संपलं.

त्यांनी कव्हरसाठी हात पुढे केला आणि ते दगड झाले.

इथे वाचकाला एक गोष्ट सांगणं भाग आहे. प्लगचं कव्हर आणि ग्लँड हे केबलीतून आधी ओवून घ्यावं लागतं. वायरी जोडून झाल्यावर ते मागून चढवता येत नाही. सदऱ्याची सगळी बटणं लावल्यावर आठवावं की बनियन राहिलं, तसं. ही चूक प्रत्येक वायरमन पहिल्या आठवड्यात करतो आणि मग आयुष्यभर दुसऱ्यांना हसतो. अर्थिंगरावांनी तर या चुकीवर कारखान्यात शिक्षा ठेवली होती: जो कव्हर विसरेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. कारखान्यातला चहा त्यांनी जन्मभर फुकट प्यायला होता.

आणि ते कव्हर, त्यांच्या कोपराशी, टेबलावर, उजेडाच्या कडेला शांतपणे बसलं होतं. सुरुवातीपासून.

"तुला दिसलं नव्हतं?" ते म्हणाले.

"दिसलं होतं की."

"कधी?"

"तुम्ही ते बाजूला ठेवलंत तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

उजेड हलला नाही.

"बोलले असते तर काम लवकर संपलं असतं," ती म्हणाली.

बाहेर गिऱ्हाईक मोड मोजत होतं. जावई कुठल्याशा पावाचं कौतुक सांगत होता. अर्थिंगरावांनी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि पहिला स्क्रू उलटा फिरवायला घेतला. फार सावकाश.

"मी तिकडे," ते टर्मिनलला उद्देशून म्हणाले, "बाहेर पडताना स्वयंपाकघरात दिवा लावून जातो."

"तुम्ही?"

"हो."

"खोलीत कुणी नसताना?"

"परत येताना खिडकीत उजेड दिसतो."

"आणि वर गेल्यावर?"

"वर गेल्यावर दिवाच असतो."

आता मात्र उजेड थरथरला. टर्मिनलवरून निसटून भिंतीवर गेला, पिठाच्या गोणीवर गेला, परत आला.

"नीट धर," ते म्हणाले.

"धरलीये." तिनं नाक ओढलं. "बाळंतपणाला आले होते मी. बदली होऊन नव्हते आले. एकदा तरी 'ये' म्हणालात?"

"तू 'येते' म्हणाली नाहीस."

"बोलावल्याशिवाय?"

"आपल्याच घरी यायला बोलावणं लागतं?"

"लागतं," ती म्हणाली. "तुम्हाला कसं कळेना ते. रोज मी फोन घेऊन बसायची. म्हटलं आज म्हणतील, आज म्हणतील. तर पंखा मंद फिरत नाही ना. अहो, इतकी माणसं बघितली, पण तुमच्याएवढा घट्ट ग्लँड कुणाचा बघितला नाही."

"तुझा तरी कुठे ढिला आहे?"

ती हसली. रडता रडता हसली की हसता हसता रडली, ते अंधारात ठरवता आलं नाही, आणि उजेड तिच्याच हातात होता.

पाचवी वायर मोकळी झाली. अर्थिंगरावांनी कव्हर उचललं, ग्लँडसकट केबलीत ओवलं, आणि ओवता ओवता, डोळे भोकावर ठेवून, गाडीतल्या परक्या माणसाला जे सहज सांगून झालं होतं ते म्हणाले.

"घरी चल."

उजेड भोकावरच राहिला. उत्तर त्यांनी मागितलं नाही. पुन्हा पाच वायरी, पुन्हा पाच स्क्रू, प्रत्येक वायर आवळून हलकेच ओढून बघणं. कव्हर बसलं. कातडं ग्लँडच्या आत चांगलं शिरलं होतं. त्यांनी बूच हातानं आवळलं, मग पान्यानं. अर्थिंग इकडून तिकडपर्यंत सलग लागतं ना ते मीटरवर पाहिलं. मग प्लग दोन्ही हातांत धरून त्यांनी केबल तिच्यासमोर केली.

"ओढ."

"किती?"

"मनापासून."

तिनं बॅटरी काखेत धरली, केबलीला दोन्ही हातांनी धरलं आणि ओढली. साधं नाही, पाय रोवून, दात-ओठ खाऊन, सगळ्या वर्षांच्या रागानं ओढली. अर्थिंगराव पाऊलभर पुढे आले. केबल प्लगमधून तसूभरही हलली नाही.

"आत काही कळलं?" तिनं धापा टाकत विचारलं.

"प्लगला नाही," ते म्हणाले.

गिऱ्हाईक गेलं. लेक आणि जावई आत आले. अर्थिंगरावांनी प्लग सॉकेटात बसवला. त्याची जाड अर्थिंगची पिन बाकीच्यांच्या आधी आत शिरली, जशी शिरायला हवी. मग खिशातून किल्ली काढून कुलूप उघडलं आणि स्विच वर केला. खोलीत दिवा आला. मशीन गुरगुरलं आणि सरळ फिरू लागलं. जावयानं परातीतलं पीठ आत सोडलं; ते आज्ञाधारकपणे आत गेलं आणि बाहेर आलं नाही. जावयाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाबा, तुमचे उपकार..."

"प्लगला धरून काढायचा. केबलीला नाही."

"कधीच नाही, बाबा."

लेक मात्र मशीनकडे बघत नव्हती. ती आईकडे बघत होती: सुजलेले डोळे, काखेतली बॅटरी, आणि आईचा एक हात, जो बाबांच्या हत्यारांच्या पिशवीचा पट्टा धरून होता, जसा लहानपणी ती स्वतः आईचा पदर धरायची तसा.

"आई," ती म्हणाली. आवाज खाली आला होता. "जाणार तू?"

मशीन फिरत होतं. जावयानं ते बंद केलं, कारण असल्या वेळी काहीतरी बंद करावं हे त्यालाही कळत होतं. सगळे थांबले. अर्थिंगरावांनी तर टेस्टर हातात घट्ट धरला होता, आणि तो उलटा धरलाय याचा त्यांना पत्ता नव्हता.

तिनं लेकीच्या गालावरचा मैदा पुसला. पुसताना तिच्या हातावरचा तिला लागला, म्हणून पुन्हा पुसला.  मग चष्मा काढून पदरानं स्वच्छ केला, परत घातला आणि नवऱ्याकडे वळली.

"अहो," ती म्हणाली, "आपण जायच्या आधी तेवढी हिच्या न्हाणीघरातली ट्यूब बघता का? कधीची फडफडतेय."